फणसाखालचं मडकं

वेनिंग : बाबा, एक विचारू? कासिनेम आजीनंतर आता माझा नंबर आहे का?

आई : वेनिंग!

वेनिंग : मी नाही विचारत, आई. पैज आहे. एन्दाह आणि तूतिक म्हणाल्या, तुझी हिंमतच होणार नाही. झाली की नाही? आता आठवडाभर मी सायकलवर मागे बसणार आणि एन्दाह चालवणार, कालव्याच्या चढावरसुद्धा! बाबा, हसा ना. तुम्ही हसाल असं धरूनच विचारलं मी.

बाबा : दार लोटून घे.

वेनिंग : दार कशाला? अजून ऊन आहे.

बाबा : लोटून घे म्हटलं ना.

आई : हात भातात आहेत म्हणून, नाहीतर एक ठेवून दिली असती. आज आजीचा चाळिसावा, कोंबडी चुलीवर, भाताचा सुळका अजून रचायचाय, आणि ही नंबर विचारतेय. कसला नंबर?

वेनिंग : सगळ्या शाळेला माहीत आहे कसला. तुम्हा दोघांनाच कुणी सांगत नाही. म्हणे, बाबांनी डोंगरावरच्या कशाशी तरी करार केलाय. तो भरभरून देतो आणि वर्षाला एक माणूस घेतो. पहिली कासिनेम आजी. म्हणून तर तिचं घर, परसू, नारळ, मासे सोडलेलं तळं, सगळं आपल्याकडं आलं. आणि पुढचं माणूस घरातलंच लागतं म्हणे, लाडकं. लाडकं म्हटल्यावर मीच की! दुसरं कोण आहे, बदक?

आई : हे कुणाच्या तोंडचं?

वेनिंग : आधी पोनिजानकाकाच्या. मग सगळ्यांच्या.

आई : वाटलंच. म्हातारीचा सख्खा पुतण्या म्हणे! इतकी वर्षं सुराबायात बसला, आजीला कधी पाणी हवंय का विचारलं नाही. तिचं अंथरूण कोण बदलायचं? तिला आंघोळ कोण घालायचं? म्हातारीनं मोदीनकाकांसमोर, अख्ख्या मशिदीत ज्यांच्या मागं नमाज पढतात त्यांच्यासमोर, सांगितलंय की परसू यांचं. आणि गावाची रीतच आहे. जो सांभाळतो आणि मागची जेवणं घालतो, त्याचं घर.

बाबा : जेवायला माणसं आली तर रीत. चाळिसाव्याला कुणीच आलं नाही, तर उद्या पोनिजान म्हणेल, कसली जेवणं? कुणी पाहिली?

आई : येतील. काल घरोघर जाऊन बोलावून आलात ना?

बाबा : आलो.

आई : मग काय म्हणाले?

बाबा : हो म्हणाले. सगळेच. मान लववून, छान हसून.

आई : म्हणजे नाही म्हणाले.

बाबा : तेच सांगतोय.

वेनिंग : नाहीच येणार. सातव्याच्या जेवणानंतर वाटलेली बरकत तूतिकच्या घरी बदकांना घातली. पानाची पुडी उघडली आणि भात तळ्यात! आपल्याकडचा भात जो खाईल त्याचं नाव यादीत लागतं म्हणे. बदकांना काही झालं नाही म्हणा. उलट धडाधड अंडी देतायत, आणि ती अंडी खायची की नाही यावरून तूतिकच्या आईबाबांची रोज भांडणं.

आई : हसू येतंय तुला?

वेनिंग : नाही येत. बोलायचं थांबले ना, तर रडू येईल. म्हणून बोलतेय.

बाबा : वेनिंग, त्या पोरींना आजच का सुचलं विचारायला?

वेनिंग : पुरावा सापडला म्हणून.

आई : कसला पुरावा?

वेनिंग : पोनिजानकाकाला. आजीच्या परसात, फणसाखाली. काल संध्याकाळी खणलं त्यानं. एन्दाहचा दादा तिथं होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. मडकं निघालं, वर झाकण लावलेलं. आणि आत सुई, पार गंजलेली! मडक्यात सुई कशाला पुरतात ते काय मी सांगायला हवं? कुणाच्या तरी पोटात घुसवायला.

आई : सुई?

वेनिंग : हो ना. आणि...

आई : आणि पेन्सिलीचा तुकडा. बोटभर.

वेनिंग : आई.

आई : होता ना?

वेनिंग : मी पेन्सिलीचं अजून सांगितलंच नव्हतं.

आई : नाही सांगितलंस.

वेनिंग : मग तुला कसं माहीत?

आई : मीच ठेवली होती.

वेनिंग : जवळ येऊ नकोस!

आई : अगं वेनिंग...

वेनिंग : तिथंच थांब. डाव खाली ठेव. बाबा, तिला सांगा ना थांबायला! म्हणजे खरं आहे? सगळं खरं आहे? अख्ख्या वर्गात मी एकटी तुमच्या बाजूनं भांडत होते. म्हटलं, माझे बाबा कोंबडी कापायच्या आधी कोंबडीची माफी मागतात, ते काय कुणाला द्यायला निघालेत! आणि मडकं आईचं!

बाबा : खाली बस, पोरी.

वेनिंग : नाही बसणार. दाराशीच उभी राहणार.

बाबा : बरं. उभी राहा, पण ऐकून घे. त्या मडक्यात तुझी वार होती.

वेनिंग : काय?

आई : वार गं, वार! तुझ्या मागून आलेली. सुई ठेवली डोकं तल्लख व्हावं म्हणून. पेन्सिल ठेवली शिकावीस म्हणून. मूठभर मीठ आणि फुलं होती, ती काय राहणार. सगळ्यांच्याच आया ठेवतात. एन्दाहच्या आईनं ठेवली, तूतिकच्या आईनं ठेवली. जवळ येऊ नको म्हणे! नऊ महिने कुठं होतीस मग?

वेनिंग : पण वार तर आपापल्या दाराशी पुरतात.

बाबा : तू झालीस तेव्हा आपल्याला दार कुठं होतं? नदीनं घर नेलं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी उभे होतो आम्ही, तुझ्या आईला दिवस भरलेले. कासिनेम आजीनं बाजूची खोली रिकामी करून दिली. तिचं दार फणसाकडं उघडायचं. पुढं ती खोली पडली, फणस राहिला. मडकं मी पुरलं, पण त्याच्यावरचा दिवा आजीनं राखला. वाऱ्यानं विझू नये म्हणून वर टोपली पालथी घालायची आणि रात्री उठून उठून बघायची.

वेनिंग : मला कधी सांगितलं का नाहीत?

बाबा : त्यात काय सांगायचं? असते पुरलेली. पुन्हा उकरायची नसते, एवढंच.

वेनिंग : म्हणजे पोनिजानकाकानं... मला खणून काढलं?

आई : तुझ्या धाकट्या भावंडाला. बाळाच्या मागून येते म्हणून वारेला धाकटं भावंडच म्हणतात.

वेनिंग : अय्या! म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर सगळे जण नाकाला रुमाल लावून ज्याच्याकडं बघत होते, ते माझं बाळपण! आई, सॉरी. डाव घे. खरंच सॉरी. पण तू पण कशी बोललीस, 'आणि पेन्सिलीचा तुकडा', त्या भुताच्या गोष्टीतल्या बाईसारखी!

बाबा : सकाळी खड्डा पाहिला मी. साधी खापरीसुद्धा नव्हती. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम नेलं, तुझ्यावर काही करायला. म्हणून म्हटलं, दार लोट.

आई : आणि मला बोलला नाहीत?

बाबा : तू भाताला बसली होतीस. सगळं टाकून उठली असतीस.

आई : पण वार आहे हे एकालाही कळू नये? पोनिजान शहरातला, त्याचं सोडा. पण बाकीचे? तिथं तर म्हातारी माणसं असतात.

बाबा : दुसऱ्याच्या परसात, फणसाच्या बुंध्याशी कुणाची वार असेल असं कुणाच्या मनात येणार? आणि एवढे घाबरलेले असताना? त्यांना फक्त सुई दिसली असेल.

वेनिंग : पोनिजानकाकाच्या धाकट्याचा ताप उतरत नाहीय. काकू कुणालाच दार उघडत नाही. काही आत येऊ नये म्हणून उंबऱ्यावर लसूण आणि कात्री ठेवलीय. तो म्हणतो, ती सुई माझ्या पोरासाठीच होती. एन्दाहचा दादा म्हणाला, सांगताना काका रडत होता. परसू हवंय त्याला, ते खरंच. पण भीतीही खरी आहे, बाबा. आपल्यासारखीच.

आई : मडकं अजून चौकीवरच आहे?

वेनिंग : हो, तिथंच.

आई : आणि त्याचं काय करणार आहेत?

वेनिंग : मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर जाळणार आहेत. सगळे पुरुष जमणार आहेत. आणि मग... मग इकडं यायचं म्हणतायत. जेवायला नाही.

आई : हे तू आत्ता सांगतेस?

वेनिंग : मला काय माहीत होतं त्यात काय आहे! मला वाटलं, जाळलं तर बरंच. मी सुटेन.

(बाहेर चौकीवरचं पोकळ लाकूड वाजू लागतं. तीन ठोके, मग पुन्हा तीन.)

बाबा : अजून बांगसुद्धा झाली नाही. लवकर वाजवतायत.

आई : अहो, काहीतरी करा.

बाबा : करतो. वेनिंगचे दोन कपडे बांध. दोघी मागच्या दारानं निघा, बांधाबांधानं सडकेवर जा. ब्लोराची बस मिळेल. तुझ्या भावाकडं राहा. मी पोनिजानकडं जातो. म्हणतो, घर घे, परसू घे, तळं घे, मडकं तेवढं दे.

आई : आणि आजीला असंच सोडायचं? चाळिसाव्यापर्यंत जीव घराभोवतीच घुटमळतो तिचा. आज माणसं जेवली, दुवा मागितली, की निघायची. अर्ध्या वाटेत ठेवायचं तिला?

बाबा : आजी मला समजून घेईल. माझी पोर आहे ही.

आई : आणि माझी कोण आहे? ऐका, परसू देऊन टाकलंत ना, की गाव म्हणेल, बघा, कबूल केलं. पाप होतं म्हणूनच टाकून पळाले. मग ब्लोरा काय आणि सुराबाया काय, हिच्या लग्नापर्यंत ते मागं येईल.

बाबा : मग जाऊन सांगतो, ही पोरीची वार आहे.

आई : तुमचं कोण ऐकणार? मडक्याचा मालक मडकं सोडवायला आला म्हणतील.

बाबा : मग तू चल.

आई : मी काय सांगू? सुई माझी? आत्ता पोटची पोर दोन हात मागं सरली माझ्यापासून.

वेनिंग : सरले. म्हणूनच सांगते, मी जाते.

आई : तू गप्प बस.

वेनिंग : नाही आई, ऐक. बाबा, तुम्हीपण. तुमच्याकडं बघून घाबरतील ते. पण ज्या पोरीचा नंबर लागलाय म्हणतात तीच चौकीवर चालत आली, तर तिला कशाला घाबरायचं? मी कुणालाच 'खोटं बोलता' म्हणणार नाही. मी फक्त एकेकाला विचारणार. मोदीनकाका, तुमच्या आईनं तुमच्या मडक्यात काय ठेवलं होतं? एन्दाहच्या दादा, तुझ्या? पोनिजानकाका, तुमच्या धाकट्याच्या मडक्यात कुणी सुई ठेवली, काकूनंच ना?

बाबा : पोरींनी चौकीवर जायचं नसतं. जेवायचं बोलावणंही पुरुषांनी करायचं असतं.

वेनिंग : तुम्ही केलंत की. सगळे हो म्हणाले.

आई : अगं, आणि चिडून कुणी काही केलं तर?

वेनिंग : तर काय, माहीत नाही. पण बसमध्ये बसले ना आई, तर मी जन्मभर हेच ऐकत बसेन की मागं त्यांनी काय जाळलं. मला नाही जमायचं ते.

बाबा : मी येतो मागोमाग.

वेनिंग : नका येऊ. तुम्ही उंबऱ्यात उभे राहा, दार सताड उघडं टाकून. घरात लपवण्यासारखं काही नाही हे लांबूनच दिसू दे. आई, मला आजच्या जेवणातल्या आपेमच्या, तांदळाच्या गोड चकत्या बांधून दे, सगळ्यांपुरत्या. पहिली मी त्यांच्यासमोर खाईन. दुसरी पोनिजानकाकाच्या पोरासाठी ठेवेन. घेतली तर घेतली.

आई : केस तरी नीट बांध. अशी जाणार आहेस पुरुषांत?

बाबा : बोलताना आवाज खाली ठेव. मोठ्या माणसांशी बोलतात तसं बोल. वाकून.

वेनिंग : वाकून बोलेन. पण मडकं घेतल्याशिवाय हलणार नाही.

आई : आणि आम्ही काय करायचं?

वेनिंग : चटया अंथरा, आई. सगळ्यांना घेऊन येते जेवायला. आणि कुणीच नाही आलं, तरी आम्ही दोघं भावंडं येऊ.