दोन दिवस पुढची बाटली

धाकटा : ताई, ती कापडाची थप्पी खाली ठेव. आत्ताच्या आत्ता!

ताई : ठेवते रे बाबा. अस्तराचे चार तुकडे आहेत नुसते. एवढ्यासाठी कामावरून धावत आलास? धापा काय टाकतोयस, कुत्रं मागे लागल्यासारखा?

धाकटा : आणि शिवायला बसली होतीस! पोटाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेत तुला.

ताई : पाय कुठे मारतेय मी? मोटर लावलीय मशीनला. मी लोळत पडले तर गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील. पाणी पी आधी.

धाकटा : नको मला पाणी. तू आडवी हो. उताणी. गुडघे जरा वर घे.

ताई : हे काय नवीन? काल तूच म्हणालास, ताई, घरातल्या घरात फिरत जा. आणि चेहरा बघ तुझा, पांढराफटक पडलाय. काय झालं?

धाकटा : खोकला-बिकला नाही ना तुला? शिंका?

ताई : सांगतोस, की लाकडी पट्टी घेऊ हातात?

धाकटा : सांगतो, आधी नीट पड. ...आमच्या कारखान्यात टाक्यांच्या धाग्याच्या प्रत्येक खेपेतला थोडा धागा बाटलीत ठेवतात. खारं पाणी, अंगाइतकं कोमट. दर तीन-चार दिवसांनी एक तुकडा काढून यंत्रावर ताणायचा. म्हणजे पोटातला धागा किती दिवस दम धरेल ते आम्हाला बाहेर कळतं. तुझ्या खेपेची बाटली मी तुझ्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधी भरली.

ताई : म्हणजे बाटली माझ्यापेक्षा दोन दिवस पुढे.

धाकटा : हो.

ताई : मग?

धाकटा : आज तुकडा यंत्राला लावायच्या आधीच तुटला. चिमट्यानं उचलला नि दोन झाले. दुसरा काढला, तोही तसाच. मागच्या वेळी ताकद जरा कमी भरली होती, मला वाटलं, यंत्राचाच घोळ आहे.

ताई : पण तो विरघळणाराच आहे ना? तूच तर सांगत होतास, तुझी ती खादाड बाळं साखर खातात आणि अंगात चरबी साठवतात म्हणून.

धाकटा : जिवाणू, ताई. त्यांच्या अंगातला तो साठा काढायचा, दाणे करायचे, वितळवून धागा ओढायचा. शरीरात तो विरघळतो, पण कित्येक महिन्यांनी. जखम पक्की भरल्यावर. अकराव्या दिवशी नाही!

ताई : माझे टाके घट्ट आहेत. रोज आरशात बघते मी.

धाकटा : ते वरचे. साध्या नायलॉनचे. आत पोटाची भिंत शिवलीय ती आमच्या धाग्यानं, आणि सगळा ताण तिच्यावर.

ताई : म्हणजे वरून शिवण ठाकठीक आणि आत अस्तर उसवतंय.

धाकटा : उसवलं नसेल अजून. ड्रेसिंग कोरडं आहे ना?

ताई : सकाळपासून ओलसर लागतंय. म्हटलं घाम असेल.

धाकटा : रंग कसा आहे?

ताई : गुलाबीसर. पाण्यात रक्ताचा थेंब पडावा तसा. ...अरे, असा बघू नकोस ना माझ्याकडे. मला भीती वाटते.

धाकटा : दोन्ही हात पोटावर ठेव. दाबू नकोस, नुसता आधार दे. आणि बोलताना जोर लावू नकोस.

ताई : वीस वर्षं शिवतेय मी. ओढून बघितल्याशिवाय कुणाच्या झंपराला दोरा लावला नाही. आणि तुझा मात्र न बघता पोटात घेतला, भावाचा म्हणून. काय झालं त्याला?

धाकटा : दाणे वितळवायच्या आधी सोळा तास भट्टीत सुकवायचे असतात. ओल राहिली तर धागा आतून कमजोर होतो, दिसायला काही फरक नाही. मी बारा तासांत काढले.

ताई : का?

धाकटा : तुझी तारीख ठरली होती. निर्जंतुक होऊन धागा दवाखान्यात पोचायला हवा होता. डॉक्टरीणबाई चाचणीसाठी आमचाच धागा वापरणार होत्या, पण आधीची खेप दुसऱ्यानं केलेली. मला वाटलं, ताईच्या पोटात माझ्या हातचा असावा. वहीत सोळा तास लिहिले मी.

ताई : शहाणाच आहेस. ...फोन लाव त्यांना.

धाकटा : लावतो. ताई, भट्टी मध्येच बंद पडली असं सांगितलं तर—

ताई : गप. हात उगारता येत नाही मला, म्हणून वाचलास. जसं झालं तसं सांग. आणि आवाज मोठा कर, मलाही ऐकू दे.

(तो फोनवर सगळं सांगतो.)

डॉक्टरीणबाई : त्यांना अजिबात उठू देऊ नका. पाण्याचा घोटसुद्धा नको. पोटाभोवती स्वच्छ चादर गुंडाळा. गाडी पाठवतेय, अर्ध्या तासात पोचेल. आजच पुन्हा शिवू, नेहमीच्या धाग्यानं.

ताई : बाई, मी वाचेन ना?

डॉक्टरीणबाई : वेळेत कळलंय, ताई. हलू नका, बस. ...सिस्टर, त्या खेपेतला दुसरा पेशंट, ते आजोबा, त्यांना फोन लावा. ...बंद? परत लावा. अहो, तुम्ही ऐकताय ना? ताईंच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी केलं त्यांचं. एकटेच राहतात, पाण्याच्या टाकीमागे, हिरवं फाटक.

धाकटा : टाकी इथून दिसते. दोन गल्ल्या सोडून.

डॉक्टरीणबाई : परवा विचारत होते, अंगणात थोडं खणलं तर चालेल का. मी म्हटलं, हळूहळू करा.

धाकटा : गाडी आली की ताईला बसवतो आणि लगेच जातो.

ताई : आत्ता जा.

धाकटा : आणि तुला काही झालं तर? माझ्यामुळे?

ताई : मला भीती वाटतेच आहे रे. जाताना शेजारच्या काकूंना हाक मार, दार उघडं ठेव.

धाकटा : मला नाही जाववत, ताई.

ताई : जा. मला निदान पोट धरून पडायचं हे ठाऊक तरी आहे. त्यांना कुणी सांगितलंय?