तीन वाजता चेक केलं

आमचं मूळ चाळीसगावकडचं, पण ते आता नुसतं कागदावर. वडील रेल्वेत, बदली होऊन बडोद्याला आले, अन् गुजरात वेगळं झालं तेव्हा काका म्हणाले, आता तिकडे कशाला राहतोस, आपल्या राज्यात ये, तर वडील म्हणाले, राज्य बदललं, नळाचं पाणी तेच आहे ना. मग इथलेच झालो. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत, तेही निम्मा वेळ खिडकीबाहेर. मास्तर म्हणायचे, हा वर्गात बसलाय पण अजून आलेला नाही. आता हसू येतं, पण तो स्वभाव काही गेला नाही माझा.

पुढे मकरपुऱ्यात एका कारखान्यात बॉयलरवर लागलो. रमणभाई भट्टीत कोळसा टाकणार, मी पाणी बघणार. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पण ती चोंदली ना, की आत पाणी उतरलं तरी काच आपली अर्धी भरलेली दाखवते, आणि कोरडा बॉयलर तापत राहिला तर फुटतो. म्हणून दर तासाला तिच्याखालची नळाची चावी उघडून खरं पाणी बघायचं आणि वहीत लिहायचं, चेक केलं म्हणून. इंग्रजीत लिहायचं! मला घामच फुटला.

बायको माझी, मालती, बडोद्यातच नागरवाड्यातली, शाळेत शिकवायची. ती म्हणाली, घाबरता काय, एकच क्रियापद धरू, चेक. रोज संध्याकाळी ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशी पाटी घेऊन पाच वाक्यं करायचो. आय चेक द वॉटर. ही चेक्स द वॉटर. झालं असेल तर चेक्ड. दूध चेक केलं, शेंगदाणे चेक केले, एकदा सासूबाईंना चेक केलं, तर म्हणाली, आईला नका घालू त्यात. काय सांगू तुम्हाला, फार गोड दिवस होते, पोळीचा वास आणि ते इंग्रजी, अजून मला चेक म्हटलं की भूक लागते.

हळूहळू अक्षर असं वळणदार झालं की साहेब म्हणाले, वही बघावी तर तुझी. झालं, चढलो मी. आमच्याकडे पद्धतच पडली होती, पाळी सुरू झाली की आठही तासांच्या आठ ओळी आधीच लिहून टाकायच्या. चेक्ड, चेक्ड, चेक्ड, एकाखाली एक, आणि मग चावी कधी उघडायची, कधी नाही. सगळेच करायचे. पण सगळेच करायचे असं म्हणून काय होतं?

ती दुपार, उन्हाळ्यातली. बॉयलरघरात ऊब असते हो, आईच्या पदरासारखी, पाणी भरणाऱ्या पंपाची घूं घूं चाललेली, काचेत पाणी नुसतं हलतंय, हलतंय, आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. झोप नव्हे ती, डोळे उघडे होते. मी तापीच्या काठी होतो, लहानपणी एकदाच गेलो होतो तिथे, पाय पाण्यात सोडून बसलो होतो. वहीत तीनची ओळ केव्हाची लिहिलेली.

तीन वीसला रमणभाई ओरडला, पंप नो अवाज क्यां गयो? मला आवाज बंद झालेला कळलाच नव्हता. त्याने स्वतः चावी उघडली, पाण्याचा थेंब नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चेक त्याने केलं. मग लोखंडी दांड्याने पेटलेला कोळसा भराभरा बाहेर ओढला, बॉयलर वाचला, आम्ही वाचलो, आणि त्याचा उजवा तळवा भाजून निघाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही उघडली. तीनला चेक्ड, म्हणजे तेव्हा पाणी होतं, मग वीस मिनिटांत गेलं कुठे? या भट्टीवाल्यानेच पाण्याचा वाल्व बंद केला असणार, काढा त्याला. आणि मी, मूग गिळून उभा. रमणभाई हाताला पट्टी बांधून माझ्याकडे बघतोय, भाऊ, तुम्ही सांगा ने काहीतरी.

घरी आलो, मालतीला म्हटलं, मी चेक केलं नाही, हे इंग्रजीत कसं लिहायचं गं? लाटणं थांबलं तिचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, येतं तुम्हाला, लिहा. आय डिड नॉट चेक. ओन्ली आय रोट. तिने काही सुधारलं नाही. वर म्हणाली, हे साहेबाला झालं, आता रमणभाईंनाही सांगा.

साहेबांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला. म्हणाले, बाहेर बोलू नकोस, बॉयलरचा सरकारी इन्स्पेक्टर येऊन बसेल. रमणभाई राहिला, मला बॉयलरवरून काढून गेटवर बसवलं. आणि रमणभाईने त्याचा अर्थ काय लावला माहीत आहे? की मी त्याची बाजू घेऊन साहेबांशी भांडलो म्हणून मला शिक्षा झाली. गेटवर येऊन रडला. म्हणाला, माझ्यामाटे तुम्ही जागा सोडली. मी म्हणालो, जाऊ दे रे. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच म्हणालो.

तिथून पुढे दर उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, हा माणूस घरच्या उंधियूचा डबा घेऊन यायचा. नोकरी संपली तरी यायचा. मी खायचो आणि म्हणायचो, सरस. मालती आत जाऊन उभी राहायची.

यंदा आला तेव्हा डबा उघडता उघडता तो तळवा दिसला मला, आणि सांगून टाकलं सगळं, मराठीत, जमेल तसं गुजरातीत. रमणभाईने डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, मी तर नातवांनापण तुमची गोष्ट सांगितली हती. चपला घातल्या आणि गेला. डबा इथेच राहिला.

मालती म्हणते, जाऊन या. दोनदा त्याच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो, परत आलो. येईल, न येईल. इतकी वर्षं त्याने ज्याच्यावर माया केली तो मी नव्हतोच, आता रागावलाय तो मात्र माझ्यावरच. रागावू दे. त्याला देव शंभर वर्षं देवो, रागासकट देवो.