जावयाच्या गाडीचा दरवाजा

आमच्या ह्यांना कुणी गाडी देऊ नका, हे मी आता उघडच सांगत असते. नणंदेच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, जुनी पांढरी गाडी मागून आम्ही अक्कलकुव्याला लग्नाला गेलो. परत येताना शेताच्या वाटेवर बाभळीच्या फांदीने दरवाजावर लांबलचक ओरखडा काढला.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जवाईनी गाडी शे रे!"

मी म्हटलं, "दाजींना खरं सांगून टाका." पण हे टूथपेस्ट घेऊन बसले. "मोबाईलवर दखेल शे मी. घडीभरमा सफा व्हई जास."

काही सफा झालं नाही. मग ह्यांनी माझी भांड्यांची तारेची घासणी उचलली. ओरखडा गेला, पण रंगही गेला आणि आतला पत्रा दिसायला लागला.

शेवटी गाडी तळोद्याच्या गॅरेजमध्ये नेली. पेंटरने विचारलं, "दादा, जुना रंगले मियता, थोडा पिवळट रंग मारू का?"

हे म्हणाले, "नही रे, एकदम नवा दिसाले पाहिजे. जवाईनी गाडी शे."

दाजी गाडी न्यायला आले. चहा पिऊन गाडीभोवती फिरले आणि नेमके त्या दरवाजापाशी थांबले. त्यांनी दरवाजावरून हात फिरवला, बाकीच्या पिवळट गाडीकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा ह्यांच्या हातात ठेवली.

"बाकीना दरवाजा बी आसाच करी द्या. आखाजीना सणले इसू, तवय लई जासू."

हे काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हा, हा! वरना टप, छप्पर बी करी दिसूत."