थर्मनची जळालेली तबकडी

प्रेंटिस : बसा, सिस्टर ओझेला. चर्चवाले म्हणतात तसंच म्हणतो. केस कापायला तर आल्या नसाल. एकतीस वर्षांत माझ्या सलूनची पायरी चढल्या नाहीत.

ओझेला : टोमणे नंतर मार. अर्धांगाचा झटका आल्यापासून थर्मनच्या तोंडून शब्द नाही. काल डॉक्टरांनी घरी पाठवलं. आठवडा काढला तर पुष्कळ, म्हणाले.

प्रेंटिस : ठाऊक आहे. तुमचा नवरा, तसा माझाही दोस्त आहे तो. कालपासून दोनदा दाराशी येऊन गेलो. तुमच्या बहिणीनं परतवून लावलं. ब्लूज वाजवणाऱ्याचं चर्चच्या सेवकाच्या, डीकनच्या घरात काय काम, म्हणाली.

ओझेला : मीच सांगितलं होतं तिला.

प्रेंटिस : मग आता काय हवंय?

ओझेला : त्याच्या गाण्यांची तबकडी. तुझ्याकडे आहे म्हणतात.

प्रेंटिस : वा. आणि तुमच्या घरी दोन खोकी भरून होत्या, त्यांचं काय झालं? चर्चमध्ये घेताना पास्टर म्हणाले, ब्लूज सोड. तो सोडतच होता. तुम्हाला तेवढ्यानं भागलं नाही. चर्चमागच्या पिंपात त्याच्याच हातानं पेटवायला लावल्यात. भोवती सगळी मंडळी भजनं म्हणतायत, आणि मी रस्त्यापलीकडे उभा. मेम्फिसला दोन दिवस नुसत्या बिस्किटांवर काढून केलेलं रेकॉर्डिंग होतं ते. एका बाजूला नाचायची सोल गाणी, दुसरीकडे ब्लूज. गिटार त्याची, बेस माझा. रेडिओवाल्यांनी एकदाही लावली नाही, दुकानदारांनी खोकी परत पाठवली, तेही सोसलं त्यानं. पिंपाजवळ मात्र रडला.

ओझेला : धूर गेला डोळ्यांत, असं म्हणाला होता मला.

प्रेंटिस : आणि तुम्हाला पटलं.

ओझेला : पटवून घेतलं. आता दिवसभर काहीतरी गुणगुणतो रे. बोलता येत नाही, पण चाल सुटत नाही. भजनाचं पुस्तक सगळं चाळलं, त्यात नाही ती. उजवा हात लुळा पडलाय, डाव्याची बोटं चादरीवर तारा दाबत असतात. बघवत नाही मला.

प्रेंटिस : कशी आहे चाल?

(ओझेला दबक्या आवाजात दोन ओळी गुणगुणते.)

प्रेंटिस : दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. वहिनी, एवढी एकच उरलीय. ही गेली की थर्मन गेलाच. तुमच्या हातात नाही देणार मी. तबकडी वाजवायचं मशीन घेऊन मीच येतो, त्याच्या उशाशी लावतो. दार उघडाल?

ओझेला : उघडीन. पण आधी इथं लाव.

प्रेंटिस : इथं कशाला? त्याला ऐकवायचीय ना? उगाच वेळ जाईल.

ओझेला : त्याला तर पाठच आहे ती. मी न ऐकताच जाळायला लावली होती.