पाण्याचा शब्द

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच माधवीताई. सेलूहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे किसनराव. ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी हा मांडव घातला त्या आपल्या अंगणवाडी सेविका प्रमिलाबाई. आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो, सगळ्यांना जय सेवा.

मी टोल्यावरचा, आमच्या गोंड वस्तीतला गोमाजी उईके. टपालाची पिशवी घेऊन तुमच्या प्रत्येक दारात येऊन गेलोय, म्हणून जास्त ओळख देत नाही. थोडक्यात बोला म्हणून मला बजावलं आहे. प्रयत्न करतो.

प्रमिलाबाई गोड बोलणाऱ्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी टोल्यावर येऊन “पोट्टं अजून झोपून काऊन राह्यलं?” असं आईला झापायच्या आणि लेकरू उचलून चालू लागायच्या. आमच्या घरांतून गोंडी चालते. तीन वर्षांचं लेकरू उंबऱ्याबाहेर आलं की बाहेरचा एकही शब्द त्याला येत नसतो. अशा लेकराला आधी काय शिकवावं? अक्षरं? बाई म्हणायच्या, अक्षरं पळून नाही जात. भूक लागली, पोट दुखतं, पाणी पाहिजे, एवढं त्याला सांगता आलं पाहिजे आणि ते कोणाला तरी समजलं पाहिजे. म्हणून त्या आमच्या बायांकडून गोंडी शिकल्या. उच्चार चुकायचे, बाया हसायच्या, बाई चिडायच्या आणि पुन्हा विचारायच्या.

आता जे सांगतो ते निरोपाच्या दिवशी सांगावं की नाही, मला ठाऊक नाही. पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं.

मागच्या कापूस वेचणीत बाईंना सर्व्हेच्या कामावर दुसऱ्या गावी पाठवलं होतं. माझा मुलगा हेमराज आणि सून सुंदरा वावरात होते. मी रोहण्याला मयतीला गेलतो. माझी नात आचल अंगणवाडीत होती, नव्या मदतनीस बाईंजवळ. तिला जुलाब लागले. गावातल्या आजूबाजूच्या बाया धावून आल्या. कोणी मांडीवर घेतलं, कोणी पदरानं वारा घातला. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. पण जुलाब लागले की पाणी बंद करायचं, ही आपल्याकडची समजूत. पाणी बंद केलं. आणि आचल सारखी म्हणत होती, येर, येर. बायांना ऐकू आलं, ये रे, ये रे. त्यांना वाटलं, पोरगी बापाला बोलावते. मग गाडीवर माणूस पाठवून हेमराजला वावरातून आणलं. तो आला तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. ऑटोत घालून दवाखान्यात निघाले, आणि ती रस्त्यातच गेली.

दुखवट्याला आलेल्या बाया सुंदराची समजूत घालत होत्या, की लेकरानं शेवटपर्यंत बापालाच बोलावलं. सुंदरानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बापाले नाई बलावत होती, मावशी. पानी मांगत होती. आमी पान्याले येर म्हंतो.”

एकाच विहिरीचं पाणी पितो आपण, माझ्या आजोबांपासून. त्या पाण्याला शेजारचा काय म्हणतो, हे गावात एका बाईलाच माहीत असावं? मला याचा राग आला होता. अजून आहे.

बाई परत आल्या, आमच्या ओट्यावर बसून रडल्या. पुढे त्यांनी सगळ्याच लेकरांना मराठी आणि गोंडी, दोन्ही शब्द शिकवायला घेतले. तेव्हा काही घरांतून विचारणा झाली, “आमच्या पोराले हे काऊन शिकवता?” त्याच सुमारास सिंदीच्या नर्सरीची पिवळी गाडी गावात येऊ लागली. एकेक करून गावातली लेकरं त्या गाडीत बसली. अंगणवाडीत उरली ती आमची, टोल्याची.

बाईंची जागा भरलेली नाही. उद्यापासून खोलीला कुलूप, आणि लेकरं मोठ्या रस्त्यापलीकडच्या केंद्रात. ट्रक धावतात त्या रस्त्यावर. तीन वर्षांचं कोणतं लेकरू तो ओलांडेल? ज्यांच्या आया पहाटेच वावरात जातात, त्यांना पोचवणार कोण? माधवीताईंनी वरच्या साहेबांना विनवून एक वाट काढली आहे. नवी सेविका येईपर्यंत गावातली दोन माणसं रोज सकाळी मदतनीस बाईंसोबत बसली, तर खोली उघडी राहील. मी घरोघर विचारलं. बाईंच्या शालीसाठी सगळ्यांनी पैसे दिले. सकाळ द्यायला कोणी तयार झालं नाही.

माधवीताईंनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, उपकार आहेत. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखलं असेल, तर म्हाताऱ्याला माफ करा.

बसण्याआधी इथंच विचारतो. एक माणूस मी आहे. दुसऱ्यानं हात वर करावा. मी थांबतो.

...

प्रमिलाबाई, तुम्ही हात खाली घ्या. आज तुमचा निरोप आहे.