सात दिवसांची सायकल

(अड्याळचं बाजाराचं पटांगण. खुशाल सायकलवर गोल फिरतो आहे. सायकल दुरुस्तीवाला जागेश्वर आणि खुशालची बायको धुरपता त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत आहेत.)

जागेश्वर : हळू चालव गा खुशाल, हळू! मी का बैल हावो तुह्यासंगं पळाले? पाय दाखव. डावा.

खुशाल : पायडलावरच हाये. पाहून घे.

धुरपता : आज पाचवा दिवस, अन् हे अजून पाहूनच राह्यले! परवा ह्यांचा गुडघा ठणकते म्हणून तुमाले सांगतलं, तं काय केलं तुमी? बुटाचा पट्टा अजून आवळला.

जागेश्वर : वहिनी, पाय बुटात हालला का गुडघा दुखते. म्हणून आवळला. दुसरं काही असन म्हणून मले का सपन पडलं होतं?

खुशाल : भांडू नका बापा. लोक पाहून राह्यले.

धुरपता : पाहू द्या ना! भजे खात खात पाहून राह्यले. सात दिवस सात राती सायकलवरून उतरत नाही म्हणते, मंग पडते केव्हा, थेच पाहाले येतेत मेले.

जागेश्वर : माह्यं ऐक, खुशाल. तुह्या बुटाच्या तळाले मी लोखंडाची पट्टी ठोकली. तिची खाच पायडलात बसते, म्हणून डुलकी लागली तरी पाय घसरत नाही. बरोबर?

खुशाल : हो.

जागेश्वर : थे पट्टी मी दोरा लावून ठोकली. चाकाची लाइन पाह्यतो तशी, एकदम सरळ. अन् आज सकाळी तुले मागून पाह्यलं तवा ध्यानात आलं, तुहा डावा पाय बाहेर फाकते.

धुरपता : लहानपणी मोहाच्या झाडावरून पडले होते हे. हाड वाकडंच जुळलं. साऱ्या गावाले माहीत हाये.

जागेश्वर : मले नव्हतं माहीत. मी बूट पाह्यला, पाय पाह्यलाच नाही. वाकडा पाय पाच दिवस सरळ खाचेत अडकवून ठेवला, अन् वरून पट्टा आवळला. बह्यताड हावो मी. आता पट्टी अर्धा बोट बाहेर वळवतो. आराम पडन.

खुशाल : राहू दे गा. आता दुखत नाही.

जागेश्वर : नाही दुखत?

खुशाल : काल दिवसभर आग होत होती. मंग बंदच झाली. बरं वाटते.

धुरपता : बंद झाली? अशी कशी आपोआप बंद झाली?

जागेश्वर : वहिनी, तुमी सीट धरून ढकला. चाक थांबलं नाही पाह्यजे. खुशाल, उजव्या पायानं पायडल मार. डावा मी सोडवतो.

खुशाल : जमिनीले लागू देऊ नको हां. पाय टेकला का सारं गेलं. राइस मिलवाल्या यादोरावजीनं साऱ्यांसमोर शब्द दिला, सात दिवस पुरे केले तं मिलमधी चौकीदारी पक्की.

जागेश्वर : माहीत हाये गा. पट्टा सोडला, नाडी कापतो... बूट नाही निघून राह्यला. पाय सुजून बसला अंदर. ओढू?

खुशाल : ओढ.

जागेश्वर : लागते का?

खुशाल : तू ओढ ना, कायले इचारतं?

जागेश्वर : ओढला गा मी. निघाला बूट.

धुरपता : अवो माय! अवो माय वो! बोटं काळी पडली साऱ्याच्या सारी!

जागेश्वर : ओरडू नका वहिनी. खुशाल, खाली पाहू नको, समोर पाहा. मी कोणतं बोट धरलं, सांग.

खुशाल : धर ना मंग.

जागेश्वर : धरलं. नखानं दाबून राह्यलो.

खुशाल : अंगठा. अंगठाच ना?

जागेश्वर : करंगळी होय.

धुरपता : बस झालं. उतरा.

खुशाल : धुरपता, दोनच दिवस राह्यले. पुऱ्या जिंदगीत मले कोणी नोकरी देतो म्हणलं नव्हतं.

धुरपता : अन् चौकीदाराले पाय नाही लागत? उतरा म्हणते ना!

खुशाल : जागेश्वर, बूट चढव. पट्टी सरळ तं सरळ. चढव म्हणतो.

जागेश्वर : नाही चढवत. माह्या हातानं आता नाही होत. दवाखान्यात चाल. मी नेतो, पाठीवर नेतो.

खुशाल : दुश्मन हाये तुमी दोघं माह्ये! धुरपता, समोर काहून आली? हट! हॅन्डल सोड!

धुरपता : नाही सोडत. अंगावरून न्या.

खुशाल : पडन मी! जागेश्वर, धर गा, धर मले! डावा पाय टेकू देऊ नको! टेकला का? सांग ना धुरपता, टेकला का माहा पाय?

धुरपता : टेकला. केव्हाचा टेकला. त्याच्यावरच उभे हाये तुमी.