उरलेला एक शब्द

आदरणीय सभाध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, मंडळीचे वडीलजन, महिला संघाच्या भगिनी आणि समोर बसलेल्या माझ्या माणसांनो, मी बसूनच बोलतो. आयुष्यभर चर्चमध्ये तुमच्यासमोर उभं राहून बोललो, आज निरोपाच्या दिवशी गुडघे ऐकत नाहीत.

आधीच्या वक्त्यांनी फारच कौतुक केलं. ‘पाळकसाहेबांनी आम्हाला सुखदुःखात देवाचे उपकार मानायला शिकवलं,’ असं चिटणीस म्हणाले. ऐकून अवघडलो. खरं सांगू? गेल्या वर्षी तुमच्या पाळकीणबाईंना, माझ्या बायकोला, पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून घरात माझ्या तोंडून देवाचे आभार मानणारी एकही प्रार्थना, एकही उपकारस्तुती निघालेली नाही. इथे म्हणत होतो, ते सवयीने. थकलोय हो मी.

तुम्हाला ठाऊकच आहे, तिची वाचा गेली. एकच शब्द राहिला, ‘उपकार’. जेवणाआधीची प्रार्थना कायम तीच करायची, त्यातलाच असावा. पाणी हवं, उपकार. पाठ दुखते, उपकार. सुरुवातीला मला वाटायचं, टोमणा मारतेय. गार झालेला चहा पुढे केला की म्हणणार, ‘उपकार.’ आता सांगा, कोणता नवरा याचा सरळ अर्थ घेईल? एकदा चिडून म्हणालो, ‘होतंय तेवढं करतोय ना, बाई.’ ती रडली. रडतानाही तेच म्हणत होती.

तेव्हापासून मी शब्द सोडून सूर ऐकायला लागलो. तहान, राग, दुखणं, माया, सगळं तिला त्या एकाच शब्दात सांगावं लागतं. आज निघताना डाव्या हाताने तिने माझ्या कोटाचं बटण लावलं, तेही चुकीच्या काजात. अजून तसंच आहे, बघा. आणि म्हणाली, ‘उपकार.’ तो मायेचा सूर होता. पहिल्या बाकावर बसून हसतेय आता.

कार्यक्रमाच्या शेवटची उपकारस्तुती माझ्याकडे दिली आहे. सकाळी अध्यक्षांना म्हटलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी सांगा, माझ्याने होणार नाही. आता मीच करतो. लांबलचक जमणार नाही, माझ्याकडेही एवढंच उरलंय. सूर दमलेला असेल, थोडा रागाचाही. तिचा मला ओळखता येतो, माझा त्याला येईल.

तुम्ही आम्हा दोघांना सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. चला, डोळे मिटूया.

देवा, उपकार.